शेवटचं पान

एप्रिलात संगणकखोलीच्या खिडकीतून
काजूच्या कुजत्या बोंडांचा वास येतो,
माशेलात कुणाच्या तरी भट्टीवर हुर्राक उतरत असावा.
आत, एसीच्या थंडीत,
एकशे अठरा निबंध
अकरा मिनिटांत तपासून झालेत.

शिपाई शाबूने यंत्राचं नाव ठेवलंय भाटकार:
"कुळागरात पाय ठेवीत नाही,
नारळ मात्र बरोबर मोजतो."
आम्ही हसलो.
ब्रागांझाबाई हसल्या नाहीत.
इंग्रजीचे तीन वर्ग त्यांच्या गळ्यात
आणि मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे ढकललेली.

मला आदेश: दहातली एक उत्तरपत्रिका
हाताने पडताळावी. सही करावी.

सनिशा तारी. द्वितीय वर्ष.
विषय, आपोआप चालणारी यंत्रे आणि माणूस.
गुण, विसांपैकी साडेसात.
शेरा: आशय विषयाला धरून नाही.
मानस, पोंय, सुंगटं
ह्यांच्याखाली तांबड्या रेघा. शब्द आढळले नाहीत.

मी वाचू लागलो.

"आमच्या खाजनातल्या मानशीला लाकडी दारं आहेत.
भरती चढली की पाण्याच्या रेट्याने ती मिटतात,
ओहोटीला आपली आपण उघडतात.
वीज नको, माणूस नको.
तरी पपा अवसेपुनवेला रात्री
बॅटरी घेऊन बांधावर जातात.
मी विचारलं, दारं मिटतात ना आपोआप?
म्हणाले, दारांचं मी बघत नाही गो.
कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात.
दाराला भोक कळत नाही."

एवढंच.
पुढे दीड पान सुंगटांच्या जाळ्यावर,
मानशीच्या पावणीत काका किती रुपयांना बुडाला त्यावर,
खरंच विषय सोडून.

साडेसात खोडून मी सोळा केले.
लाल शाईने, जुन्या थाटात.
आणि तिला बोलावून घेतलं.
अशा वेळी माणसाला साक्षीदार लागतो.

दप्तराचा पट्टा मुठीत धरून ती उभी राहिली.
"थँक्यू, सर."
मग जरा थांबून,
"गेल्या वर्षी तुम्ही मला बारा दिले होते.
सगळ्या वर्गालाच बारा, नाहीतर तेरा.
मी शेवटच्या पानावर मध्येच लिहिलं होतं,
सर, इथपर्यंत आलात तर एक टिंब द्या."

पंखा नव्हता, म्हणून तिकडेही बघता येईना.

"टिंब नव्हतं, सर.
ह्याने निदान सुंगटांपर्यंत वाचलं.
कळलं नाही, ते वेगळं."

ती गेली. तिची बस होती.

मला ती रात्र आठवली.
देवळाच्या उत्सवी नाटकाची तालीम,
मी कृष्ण, ह्या वयात,
घरी यायला एक वाजला, गठ्ठा सकाळी द्यायचा.
पहिला परिच्छेद वाचायचा, अक्षर बघायचं,
बारा.
अक्षर फारच बरं असेल तर तेरा.
पानं उलटण्याचा आवाज तेवढा
मी प्रामाणिकपणे केला होता.

संध्याकाळी रस्त्यावर पोदेराचा भोंपू वाजला.
शाबू कुलूप घेऊन दारात.
म्हटलं, किल्ली ठेवून जा.
एकशे सतरा राहिलेत.
तो काही बोलला नाही,
दोन पाव ठेवून गेला टेबलावर, कागदात.

पहिल्या तिघांत काही नाही.
चौथ्यात खालच्या कडेला पेन्सिलीने
कुणाचा तरी फोन नंबर.
पाचव्याने तर यंत्राचीच स्तुती लिहिलीय,
त्याला साडेसतरा.
मी प्रत्येक पानाच्या तळाशी
एक टिंब देत चाललो.

नवव्या उत्तरपत्रिकेवर कधीतरी डोळा लागला.
जाग आली तेव्हा पेन हातातच होतं
आणि टिंब ओघळून
पानाच्या काठापर्यंत
रेघ झालं होतं.